चिंचेचा ओंडका

रविवारी मटणाच्या दुकानात रांगेत उभा होतो. मुनीरभाईंनी मटण तोडायला नवा ओंडका आणला होता, काळपट गाभ्याचा.

"चिंचेचाच लागतो," सत्तूर चालवत ते म्हणाले. "दुसऱ्या लाकडाचा भुगा मटणाला चिकटतो. तुमच्याच सोसायटीचं झाड आहे हे, गेटजवळचं."

माझं डोकंच सणकलं. आमच्या सेक्रेटरींनी कुठंतरी वाचलं की चिंच मूळची आफ्रिकेतली. लगेच नोटीस फिरली, परदेशी झाड काढून देशी झाड लावायचं. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या आमटीत उतरलेलं झाड परदेशी, आणि परवा फ्लॅट घेऊन आलेले आम्ही मात्र इथले. झाड परकं असतं तर त्याच्या फांद्यांवर इतकी पाखरं वस्तीला आली असती का? त्यांनी झाडाला कधी मूळ गाव विचारलं नव्हतं. देशी झाड अजून लागलेलं नाही. त्या जागी आता सेक्रेटरींची गाडी उभी असते आणि ती उन्हात तापते, म्हणून तेच कुरकुरतात. परवा त्यांच्याच घरून वाटी आली, "थोडी चिंच आहे का, आमटी अडलीय." दिली मी, दातओठ खात.

पण चिडायचा मला तरी काय हक्क? त्या नोटिशीखाली माझीही सही आहे. शेजाऱ्यांशी वाईटपणा कशाला, म्हणून केली.

सत्तूर दणादण पडत होता. इतके घाव सोसूनही त्या लाकडाची कपची निघत नव्हती. मी मात्र पुढं केलेल्या एका पेनाला नाही म्हणू शकलो नव्हतो.