निशाणी नांगराची

आमचे मामंजी पुंजाजी जानेफळचे. त्यांना लिहिता येत नसे. कागदावर सहीच्या जागी ते नांगर काढायचे, जुन्या कुणब्यांची ती रीतच होती. गावात सगळे अंगठा लावू लागले तरी त्यांनी नांगर सोडला नाही. पटवारी शाई पुढं करी तेव्हा म्हणत, "अंगठा तं साऱ्यायलेच असते."

अडतीस साली धाकटे दीर शेषराव मॅट्रिक झाले आणि नागपूरहून बांधकामाच्या शिक्षणाचं छापील पत्रक आलं. शेषराव आपल्या सोयीनं वाचतील, म्हणून मामंजींनी वाचायला मला बसवलं. वर्ग दोन होते. एक ओव्हरसिअरचा: नकाशे, मोजमाप आणि पुढं सरकारी नोकरी. दुसरा गवंडीकामाचा, सगळं स्वतःच्या हातानं करण्याचा. पत्रकाखालच्या अर्जात दोन्हींपैकी एकच लिहायचा होता, आणि आठ दिवसांत.

"सूनबाई, ओव्हरशेर लिहा," मामंजी म्हणाले. "शेराच्याबी वरचा. खाकी टोपी, सायकल."

"बाबा, मले भिंत बांधाची हाये," शेषराव म्हणाले. "दुसऱ्याकून बांधून घ्याची नाई."

"कुणब्याचं पोरगं चुना कालवते म्हनतीन लोक."

सासूबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमी शेन कालवता, तवा काई म्हनत नाई."

मामंजी उठून गोठ्यात गेले. दोन दिवस ते शेषरावांशी बोलले नाहीत. शेषराव पत्रक घडी घालून खिशात ठेवत आणि पुन्हा काढत. ते घड्यांवर फाटायला आलं.

तिसऱ्या दिवशी मामंजींनी बंडी जुंपली. मेहकरच्या रस्त्यावर पूल बांधणं चाललं होतं. "ओव्हरशेर पाहून येतो," एवढंच बोलले.

दिवे लागायच्या सुमारास परतले. ताटावर बसले, पण घास उचलेनात.

"पाह्यला का ओव्हरशेर?" सासूबाईंनी विचारलं.

"पाह्यला. बाभळीखाली खुर्चीवर बसून कागद पाहून राह्यला होता. मानूस चांगला हाये. मले चहा पाजला." मग वाटी सरकवत म्हणाले, "पन मी दिवसभर तिथच्या रंगराव मिस्तरीजवळच बसलो. एकेक गोटा ठेवते, ओळंबा सोडते, अन् एक डोया मिटून पाह्यते."

ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेला लोखंडी गोळा. भिंत सरळ उभी आहे की नाही ते त्यावरून कळतं.

"कोनता डोया?" सासूबाई म्हणाल्या.

"डावा. तिफणीवर मी मिटतो, थोच."

पेरणीच्या वेळी मामंजी तिफणीमागं डावा डोळा मिटून समोरच्या खुणेकडं बघत चालायचे. त्यांनी पेरलेले तास इतके सरळ, की शेजारच्या शिवारातले लोक बांधावर उभं राहून बघत. तीस वर्षांत घरात कुणी त्यांचं तोंडावर कौतुक केलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाचं केलं नव्हतं.

त्यांनी शेषरावांकडं पाहिलं. "तू कोनता मिटतं बे?"

शेषराव गोंधळले. दाराच्या चौकटीकडं बघून त्यांनी मिटून पाहिला. डावाच मिटला.

मामंजींनी ताट पुढं ओढलं. मग भाकरी मोडली. "सूनबाई, जेवन झालं की थो कागद आना."

मी गवंडीकामाचा वर्ग लिहिला. खाली पालकाच्या सहीची जागा होती. मामंजींनी टाक धरून सावकाश नांगर काढला. टाक परत द्यायला हात पुढं केला आणि मागं घेतला. नांगराच्या शेजारी त्यांनी एक उभी रेघ ओढली आणि तिच्या टोकाला छोटा गोळा काढला.

"हे काय, मामंजी?"

"याची निशानी. आता याले बी लागन."

शेषराव पाणी पिण्याच्या निमित्तानं बाहेर गेले.

नागपूरच्या कारकुनाला कळावं म्हणून मी नांगराखाली इंग्रजीत मामंजींचं नाव लिहिलं. गोळ्याखाली काही लिहिलं नाही.