मैनाबाईंचं माहेर

गेल्या रविवारी दुपारी बरोबर चार वाजून वीस मिनिटांनी, जालन्यात, माझ्या भाचीच्या जेवणाच्या टेबलावर माझ्या खलनायिकेचा घात झाला. वेळ मी घड्याळात पाहून लिहून ठेवली आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... माझी भाची आसावरी दर रविवारी मित्रांना जमवून फाशांचा एक खेळ खेळते. ती गोष्ट चालवते, बाकीचे त्यातली पात्रं होऊन बोलतात. मुलूख काल्पनिक. सरहद्दीवरचा, कोरडा, नव्यानेच वसलेला. घोडे, बंदुका आणि थोडी जादू.

"आत्या, तू रिटायर झालीस, वेळच वेळ आहे, मला शत्रू करून दे," असं ती म्हणाली. मी तीन टोळ्या केल्या. काफिले लुटणारे, खाणीतल्या जादूच्या मिठावर बसलेले, आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे विहिरी ताब्यात ठेवून बाकीच्या दोन्ही टोळ्यांना नाचवणाऱ्या मैनाबाई. मंत्र म्हटला की अख्ख्या गावाचं पाणी आटवतील अशा.

मैनाबाई कधीच आवाज चढवत नाहीत. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या एक सिस्टर नुसतं चष्म्यावरून बघायच्या आणि वर्ग गार पडायचा... ती नजर मी मैनाबाईंना दिली. त्यांचं पात्र मीच बोलायचे.

सहा रविवार ही मंडळी मला घाबरत होती. स्टील मिलमध्ये सुपरवायझर असलेला गणेश, बियाण्यांच्या दुकानाचा गोपाल, दोघंही. एरवी या वयात लोक आपल्याला खुर्ची देतात आणि विसरून जातात. मला ते घाबरणं फार आवडत होतं.

रविवारी शेवटची गाठ होती. विहिरीच्या काठावर मैनाबाई एकट्या, समोर दोन बंदुका. मी नजर लावली. आणि गणेशने, आपल्याकडे कुणीही नवीन माणूस भेटला की विचारतात तसं, सहज विचारलं, "बाई, तुमचं माहेर कोन्तं म्हनायचं?"

आणि मी उत्तर दिलं! आयुष्यभराची सवय... विचारलं की सांगायचं. मैनाबाईंच्या तोंडून मी माझं खरं माहेर सांगून बसले. केदारखेडा.

"अरारारा! माझी आई केदारखेड्याची!" गणेशने बंदूक खाली ठेवली. "मंग तुम्ही मावशीच झाल्या की. आईच्या गावच्या बाईवर गोळी चालवू का मी? घरी कळलं तर जेवायला न्हाई मिळायचं."

"बराबर है," गोपाल म्हणाला. "मौसी पे हात थोडी उठाते हैं."

मी म्हटलं, त्या मुलखात केदारखेडा नाहीच! कुणी ऐकेना. गणेशने मैनाबाईंना साडीचोळी देऊ केली. वर "जेवूनच जा मावशी, आग्रह करून राह्यलो," हेही होतंच.

आसावरीने थांबवायला हवं होतं. तिने काय केलं? हसून हसून डोळे पुसले आणि वहीत लिहिलं, "मैनाबाईंशी तह. विहिरी खुल्या." तीन टोळ्यांचं माझं सगळं काम एका ओळीत संपलं.

चूक माझीही आहे, ते मान्य. पण एका बेसावध उत्तरासाठी एवढी जबर शिक्षा? लुटारू आणि मिठवाले अजून जिवंत आहेत, आणि त्यांना नाचवणारी बाई साडी नेसून पंगतीत बसली आहे... तिला आता कोण घाबरणार?

तेव्हा आसावरी, हे जाहीरपणे लिहिते आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत मला लेखी उत्तर हवं. तह रद्द की कायम, एवढंच लिही. फोन नको, अंगठ्याचं चित्र नको, आणि समजूत घालायला पेढे घेऊन तर मुळीच येऊ नकोस.

उत्तर आलं नाही तर रविवारी मी येणार आहे. मैनाबाई म्हणूनच येणार आहे. आणि गणेशला सांगून ठेव, मला मावशी म्हणालास तर पहिली विहीर तुझी आटेल.