डॉक्टरांचं बेचाळीस फूट पाणी

डॉक्टर कोणतीही वस्तू वापरण्याआधी हलवून घ्यायचे. औषधाची बाटली हलवणं मी समजू शकतो; एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढल्यावर हाताला ती सवय लागणारच. पण ते टॉर्च हलवायचे, गॅसचं लायटर हलवायचे, नव्या चपला हलवायचे. एकदा माझ्या नावानं आलेलं कुरिअरचं खोकं त्यांनी दारातच कानाशी धरून जोरात हलवलं आणि माझ्या हातात देत म्हणाले, "काचेचं व्हतं."

त्यांचं नाव मधुकरराव. डॉक्टर ते कधीच नव्हते, पण अख्खं गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं आणि ही चूक दुरुस्त करायची घाई त्यांनी कधी केली नाही. नोकरी सगळी मारेगावकडे झाली. निवृत्त झाल्यावर ते मूळ गावी, उमरखेड तालुक्यातल्या आमच्या धरणाच्या काठी परत आले. घराणं मासेमारांचं. डॉक्टरांना मात्र पोहता येत नव्हतं, आणि काट्याच्या भीतीनं ते मासाही खात नसत. मी त्यांचा शेजारी, भिंतीला भिंत. धरणाच्या शाखा कार्यालयात कारकून आहे. रोज सकाळी आठ वाजता पाण्याची पातळी वाचायची आणि रजिस्टरात लिहायची, हे काम मी बावीस वर्षं करतो आहे. पुढचं जे माझ्या लक्षात आलं ते या सवयीमुळे, हुशारीमुळे नव्हे.

गावात मासेमारांची संस्था आहे. बत्तीस सभासद, सहा डोंगे म्हणजे छोट्या होड्या. धरणाच्या पाण्याचे त्यांनी सहा टापू पाडलेले. दर पंधरा दिवसांनी पितळेच्या गडव्यात, म्हणजे तांब्यात, चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्या डोंग्याला जो टापू निघेल तिथे त्यानं जाळं टाकायचं, अशी जुनी रीत. डॉक्टरांनी ही रीत पाहिली आणि त्यांच्या जिवाला घोर लागला. एवढा मोठा व्यवहार चिठ्ठीवर चालतो हे त्यांना पटेना. पारावर, किराणा दुकानात, माझ्या ओट्यावर ते एकच वाक्य म्हणू लागले, "अंदाजानं डोस देत नसतात, राजेहो."

दसऱ्याच्या आधी त्यांच्या पुण्याच्या मुलानं ते यंत्र पाठवलं. डब्याच्या झाकणाएवढा पडदा, त्याला लांब वायर, आणि वायरीच्या टोकाला काळी, चपटी, वाटीएवढी चकती. ही चकती डोंग्याच्या मागे पाण्यात बुडवायची, तोंड खाली करून. ती तळाकडे आवाज सोडते, आवाज परत यायला किती वेळ लागला ते मोजते आणि खाली किती फूट पाणी आहे, मध्ये मासे किती आहेत ते पडद्यावर दाखवते. सोबत इंग्रजी पुस्तिका होती. डॉक्टरांनी तिचं पहिलं पान वाचलं आणि गॅरंटीचं शेवटचं. मधली सव्वीस पानं त्यांनी अनुभवावर सोडली.

चकती त्यांनी आधी डोंग्याच्या पुढच्या टोकाला बांधली, मोटारसायकलच्या दिव्यासारखी समोर तोंड करून. पुस्तिकेतल्या चित्रात ती मागे आहे, एवढंच मी म्हणालो. त्यावर त्यांनी मला समजावलं की चित्र अमेरिकेतल्या बोटीचं आहे आणि तिथल्या माशांचं वळण वेगळं असू शकतं. तिसऱ्या दिवशी चकती काठाच्या दगडावर आपटली, तेव्हा ती सायकलच्या ट्यूबनं बांबूला बांधून मागे गेली. मोटारसायकलची बॅटरी आली. दसऱ्याला यंत्राची पूजा झाली. डॉक्टरांनी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात कुंकवाचं छोटं स्वस्तिक काढलं, आणि पाण्याच्या शिंतोड्यांनी ते पुसलं जाऊ नये म्हणून त्यावर दवाखान्यातली रुंद चिकटपट्टी लावली. काम व्यवस्थित करायची त्यांना सवयच होती.

पहिल्याच फेरीत यंत्रानं बेचाळीस फूट पाणी दाखवलं आणि पडद्यावरून गलेलठ्ठ मासे चालले. काठावर आल्यावर अख्ख्या गावानं ते पाहिलं. आठ दिवसांत सभा झाली, गडवा कपाटात गेला, आणि कोणत्या डोंग्यानं कुठे जावं ते यंत्र सांगू लागलं. म्हणजे डॉक्टर सांगू लागले. बुडू न देणारं नारिंगी जाकीट, वर छत्री, मांडीवर पडदा, अशा थाटात ते डोंग्यात बसत आणि हात वर करत. हात वर झाला की जाळं पडायचं.

कधी मासे लागायचे, कधी नाही. चिठ्ठ्यांच्या काळातही साधारण तेवढेच लागायचे, म्हणून कोणाला खटकलं नाही. जाळं रिकामं आलं की डॉक्टर पेशंटला दोष द्यायचे. तुम्ही जाळं उशिरा सोडलं, तुम्ही मोठ्यानं बोलले, तुम्ही बिडी ओढली. डोंग्यात त्यांनी बिडीबंदी केली, जोरात खोकायलाही बंदी केली. "मानूस खोटं बोलते, रीडिंग नाही," असं ते म्हणायचे. गोमाजी नावाचे सत्तरीचे मासेमार, संस्थेत सगळ्यांत वडीलधारे आणि डॉक्टरांचे लांबचे चुलतभाऊ, हे सगळं ऐकून मान हलवायचे आणि बिडी कानावर ठेवायचे.

मला खटकलं ते वेगळं. दसऱ्यानंतर पाणी रोज उतरतं. माझ्या रजिस्टरात ते उतरत होतं. डॉक्टरांचे बेचाळीस उतरत नव्हते. पौषात मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, हे यंत्र समुद्रसपाटीपासून मोजतं. मी म्हटलं, समुद्रसपाटीपासून आपण हजार फुटांच्या वर आहोत. ते म्हणाले, "प्रत्येक कंपनीचा समुद्र वेगळा राह्यते, बाबूसाहेब." मी विषय सोडला. चूक कोणाच्या जिवावर येत नव्हती तोवर सोडता येत होता.

चैत्रात तो सोडता येईना. पाणी कमी झालं की संस्था मोठं ओढजाळ लावते. सहाही डोंगे, बत्तीसही घरं, एकच जागा, दहा दिवस. त्या दहा दिवसांच्या माशांवर पावसाळ्यापर्यंतचं घर चालतं. जाळं एकच आहे. जागा चुकली, तळाशी बुडालेल्या झाडांच्या खुंटात ते अडकून फाटलं, की उन्हाळा गेला. डॉक्टरांनी जागा सांगितली ती धरणात बुडालेल्या जुन्या नाल्याच्या वळणावरची. तिथे बेचाळीस फूट पाणी आणि मासेच मासे. तिसऱ्या दिवशी सभेत ते पक्कं व्हायचं होतं.

मी हिशेब केला. त्या दिवसाची पातळी आणि धरण बांधलं तेव्हाचा तळाचा नकाशा. वळणावर फार तर एकवीस फूट निघत होतं. सकाळी मी डॉक्टरांसोबत डोंग्यात बसलो आणि मनगटावरचं घड्याळ पाहत राहिलो. अडतीस, एक्केचाळीस, बेचाळीस, छत्तीस, मग एक मोठा मासा डावीकडे. चार मिनिटांनी पुन्हा अडतीस, एक्केचाळीस, बेचाळीस, छत्तीस, आणि तोच मासा. डोंगा जागचा हलला होता. मासा वेळेवर येत होता.

दुपारी मी त्यांच्या अंगणात गेलो. यंत्र बाजेवर होतं, चकती खुंटीला टांगलेली. मी म्हटलं, जरा चालू करा. त्यांनी केलं. अंगणात बेचाळीस फूट पाणी होतं आणि मासे तुळशीकडून न्हाणीकडे चालले होते.

डॉक्टरांनी तुळशीकडे पाहिलं, न्हाणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "जमिनीत ओल असन."

मी चिकटपट्टी काढायला सांगितली. नखानं त्यांनी ती सोलली, कुंकू अंगठ्यानं पुसलं. त्याखाली, त्याच कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, डेमो. मग आम्ही मागची बाजू पाहिली. वायरीची टोपी खाचेत पूर्ण बसलेलीच नव्हती. चकती जोडलेली नाही असं समजून यंत्र आपोआप दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायच्या चित्रावर गेलं होतं, आणि सहा महिने ते गिऱ्हाइकाला चित्र दाखवत होतं.

त्यांच्या पत्नी, कुसुमताई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सहा महिने अंगनात एवढे मासे व्हते, आन् मी बजारातून आनून राह्यली व्हती." त्या हसल्या, मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून आत गेल्या.

डॉक्टरांनी विचारलं, आणखी कोणाला माहीत आहे? मी म्हटलं, मलाच. मग मी त्यांना एक सल्ला दिला, आणि तो मला तेव्हा शहाणपणाचा वाटला. टोपी नीट बसवा, उद्या सभेत सांगा की यंत्र आज वेगळी जागा दाखवतं आहे. कोणाला काही कळायचं नाही, जाळंही वाचेल आणि तुमचं नावही. ज्या गावात एवढ्या वर्षांनी परत येऊन माणसानं मान मिळवला, तिथे आपणच आपली फजिती करून घ्यायची काय गरज?

त्यांनी वायर गुंडाळली. म्हणाले, "चुकीची गोळी गेली तं पेशंटले सांगा लागते. मी एकदा नवतं सांगितलं."

तरी मला वाटत होतं, सकाळी त्यांना ताप येईल. कोणत्या दुखण्याची कोणती लक्षणं, हे त्यांना पाठ होतं. पण ते सभेला आले, इस्त्रीचा शर्ट घालून. उभे राहिले आणि म्हणाले, "राजेहो, दसऱ्यापासून मी तुमाले जे पानी सांगितलं, जे मासे सांगितले, ते खरे नवते. मशीन दुकानातलं चित्र दाखवून राह्यली व्हती. पुस्तकात लिहिलं हाय, मी वाचलं नाही. मशीनची चूक नाही. माही हाय."

मग गोमाजींनी कानावरची बिडी काढली आणि शांतपणे सांगितलं की त्यांना हे दिवाळीतच समजलं होतं. डॉक्टर डोंग्यातून उतरताना वायर हातात गुंडाळून उतरले होते आणि पडद्यावर मासे पोहतच होते.

डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मंग बोलले काहून नाही, दादा?"

"बोलून काय करतो? चिठ्ठीवर जाळं रिकामं आलं तं शिव्या कोनाले देतं मानूस? तू होता तं पोट्ट्याहीले बरं झालं व्हतं, मधू."

बत्तीस माणसं हसली. डॉक्टर बसले नाहीत. हसणं संपेपर्यंत हात मागे बांधून उभे राहिले. मी घड्याळात पाहिलं, जवळजवळ दोन मिनिटं लागली.

मग गोमाजी म्हणाले की बेचाळीस फूट खोटं असलं तरी नाल्याचं वळण खोटं नाही. त्यांच्या बापाच्या काळापासून तिथे डोह आहे, म्हणून तर ते त्या जागेला काही बोलले नव्हते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठामपणे एकवीस फूट सांगितलं; ओढजाळाला तेवढं पाणी पुरेसं होतं. सरकारी नकाशा आणि सत्तरीचा मासेमार एका बाजूला. सभा संपल्यासारखीच होती. डॉक्टर म्हणाले, उद्या एकदा खरं मोजू द्या. लोक पुन्हा हसले, पण हो म्हणाले.

सकाळी डॉक्टर, गोमाजी आणि मी असे तिघं गेलो. टोपी आता खाचेत घट्ट बसली होती, कोपऱ्यात काही लिहिलेलं नव्हतं. वळणावर पडद्यानं तेरा फूट दाखवलं, आणि तळाशी काट्यांसारख्या उभ्या रेघा. मासा एकही नाही. मी म्हटलं, यंत्र पुन्हा बिघडलं. गोमाजीही तेच म्हणाले. डॉक्टर वाद घालत बसले नाहीत. त्यांनी दोरीला दगड बांधून आणला होता, फुटाफुटाला गाठ मारून. दगड सोडला. तेरा गाठी भिजल्या. थोडं पुढे सोडला तर तो कशात तरी अडकला. ओढून काढला तेव्हा दोरीला काळा गाळ आणि कुजलेल्या बाभळीची साल होती. आठ फूट गाळ आणि त्यातून वर आलेले खुंट. ओढजाळ तिथे पडलं असतं तर दुपारपर्यंत चिंध्या झाल्या असत्या. गोमाजींनी ती साल हातात घेऊन चोळली आणि डोहाचं नाव काढलं नाही.

जाळं शेवटी पूर्वेकडे काठात आत शिरलेल्या पाण्यात लागलं, यंत्रानं अठरा फूट आणि स्वच्छ तळ दाखवला तिथे. मासे मध्यम लागले. चमत्कार झाला नाही, जाळं फाटलं नाही. पावसाळ्यात गडवा पुन्हा कपाटातून बाहेर आला आणि डॉक्टरांनी त्याला विरोध केला नाही.

वळणावरून परत येताना डोंग्यातच त्यांनी मला विचारलं होतं की हे तेरा फूट तुम्ही आज रजिस्टरात लिहाल ना? मी सांगितलं, आमच्या रजिस्टरात वरची पातळी लिहितात. तेवढ्या पातळीला धरणात पाणी किती, ते तक्त्यावरून लिहितात. तक्ता धरण बांधलं तेव्हाचा आहे. गाळाचा रकाना नाही.

डॉक्टर दोरी गुंडाळत होते. वर न पाहता म्हणाले, "मंग तुमचं रजिस्टर बी डेमोतच हाय म्हना, बाबूसाहेब."

मागच्या भाद्रपदात ते गेले. दहाव्याला घाटावर लोक बेचाळीस फुटांची गोष्ट सांगून हसत होते, आणि मीही हसलो, कारण ती हसण्यासारखीच आहे. आपल्या चुकीचा आकडा बत्तीस माणसांपुढे उभा राहून सांगणारा मला नोकरीत अजून कोणी भेटलेला नाही.

मी रोज आठ वाजता पातळी लिहितो आणि तक्त्यावरून पाणी लिहितो. त्या चैत्रातल्या पानावर समासात पेन्सिलीनं "वळण, तेरा" असं लिहिलेलं आहे. अक्षर माझं आहे. सही केलेली नाही.