एक जूनची माणसं

आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा मी आणला. पणजोबा बडोद्याच्या संस्थानी फौजेत शिपाई, वडील वाघोडियाच्या कारखान्यात मशीनवर, आणि मी बी.कॉम. तो कागद रावपुऱ्याच्या घरात देवांच्या शेजारी फ्रेम करून लावलाय, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. जन्मतारीख मात्र शाळेतल्या बाईंनी दिलेली. एक जून.

मी अनाथ मुलांच्या एका बालगृहात ऑफिस सांभाळते. मागच्या हिवाळ्यात हॉलंडची एक मुलगी तिथे दोन आठवडे मदतीला आली. राजस्थान बघून गोव्याला निघालेली, वाटेत आमच्याकडे उतरली. पाठीवर तिच्याएवढीच बॅग. मुलं मला ‘बेन’ म्हणतात, तिला लगेच ‘दीदी’ म्हणायला लागली.

आल्यावर चार दिवसांनी तिने भिंतीवर वाढदिवसांचा तक्ता लावायचं काढलं आणि तारखा मागायला आली. मी रजिस्टर पुढे केलं. तिने एक पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि हळूच विचारलं, ही सगळी एकाच दिवशी जन्मली? मी म्हटलं, सगळी नाही, सात जणांच्या तारखा खऱ्या आहेत. तारखेशिवाय येतात त्यांना एक जून, शाळा जूनमध्ये उघडते म्हणून. तिचा चेहरा उतरलेला बघून धीर द्यायला सांगितलं, की माझाही एक जूनच. स्वयंपाकाच्या महाराजांचाही. वॉचमनकाकांचाही. ते ऐकून तिला काही धीर आला नाही.

मग तुझी खरी तारीख कोणती, असं तिने विचारलं. मी घरी जाऊन आईला विचारलं.

“आंब्याचे दिवस होते,” आई म्हणाली. “तुझ्या आत्याने पातेलंभर रस एकटीने संपवला, ते पक्कं आठवतंय. तारीख घेऊन काय करायचं होतं?”

दुसऱ्या दिवशी पाहुणीने जाहीर केलं, की ज्यांना तारीख नाही त्यांनी आपापली निवडायची. मी स्पष्ट सांगितलं, भिंतीवर काय लिहायचं ते लिही, रजिस्टरला हात लावायचा नाही.

आता दीदी पुढच्या गुरुवारी जाणार हे मुलांना ठाऊक होतं. त्यामुळे तारीख नसलेल्या एकोणीसच्या एकोणीस मुलांना गुरुवारच्या आतच जन्मायचं होतं. महाराजांनी रोज केक करायला साफ नकार दिला. शेवटी खमण ढोकळ्याच्या ताटात मेणबत्ती रोवायची असं ठरलं. तीही वाफेने मऊ होऊन कलायची.

त्यांत नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिची एकच अट, आपल्या दिवशी दुसरं कोणी नको. एक जूनला सगळ्यांचा मिळून एक केक येतो, आणि सुरीवर इतके हात पडतात, की तिचा हात आजवर सुरीला लागलाच नव्हता. हे तिने मला ऑफिसात येऊन, दार लावून सांगितलं.

तिने सोमवार घेतला. संध्याकाळपर्यंत त्यावर आणखी दोघांची नावं. तिने खोडून रविवार घेतला, तर तिथे दोन भाऊ आधीच बसलेले. मंगळवार घेतला, तिची मैत्रीण प्रेमाने मागोमाग आली. दोघींचं भांडण मीच सोडवलं. मैत्रिणीचं म्हणणं, एकत्र जन्मलो तर काय बिघडलं? त्यावर ती म्हणाली, तू जन्म, पण दुसरीकडे.

तक्त्यावर एकच खाना रिकामा राहिला होता, बुधवारचा. त्या दिवशी डॉक्टर सगळ्यांना लस टोचायला येणार होते. इंजेक्शनच्या दिवशी जन्मायला कोण तयार होणार? मुलगी तक्त्यासमोर बराच वेळ उभी राहिली, मग माझ्याकडे येऊन पेन घेऊन गेली.

बुधवारी रांगेत पहिली तीच होती. संध्याकाळी उजवा दंड टम्म सुजलेला, म्हणून खमण डाव्या हाताने कापलं. वेडंवाकडं कापलं. एकाने मदतीला हात पुढे केला, तर तिने सुरी न सोडता नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याने हात मागे घेतला.

गुरुवारी पाहुणी रडत गोव्याला गेली. मुलं फाटकापर्यंत धावली आणि जेवायला परत आली.

त्यानंतरच्या आठवड्यात तीनेक वर्षांचं एक पोर आमच्याकडे आलं. वय डॉक्टरांनी अंदाजाने लिहून दिलेलं, तारखेचा रकाना माझ्यावर. मी पेन उघडलं, तर ही बुधवारवाली टेबलाशी हजर. येताना पळत आली असावी, धाप लागली होती.

“बेन, मारी ना लखता,” ती म्हणाली. माझी तारीख लिहू नका.

मी म्हटलं, नाही लिहिणार. तिचा विश्वास बसला नाही. रकाना भरून होईस्तोवर ती उभी राहिली, मग रजिस्टर स्वतःकडे फिरवून घेतलं आणि आकड्यांवर बोट ठेवत सावकाश वाचलं, एक जून. त्या पोराला तिने वरून खालपर्यंत एकदा बघितलं, आणि त्याला हाताला धरून त्याची जेवायची थाळी कुठे ठेवायची ते दाखवायला घेऊन गेली.