मेंढरं आमची, घोंगडीही आमचीच

लोधिवलीला आमच्या ओसरीवर चार बायका जमल्या की माझ्या घोंगडीचे किस्से निघणारच. मी एक सांगावा, तर लगेच दुसरी म्हणते, "आणि तो खड्ड्याचा?" माझ्याच फजितीवर माझ्यासमोर हसतात. हसू देत! माग मांडलेली धनगराची दुसरी सून आख्ख्या खालापुरात दाखवा की!

तर ती दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं. मेंढरं आमची, लोकर आमची, पण घोंगडी विणायची घाटावरच्या सणगराने. तो दर दिवाळीनंतर यायचा. लढाईत लष्कराची कांबळी विणायला लागला आणि इकडे फिरकेना. त्यात उंदरांनी देवाखालच्या घोंगडीला भोकं पाडली. चंपाषष्ठीला आमच्यात खंडोबाचे टाक मांडतात, ते घरातल्या सगळ्यांत चांगल्या घोंगडीवर. मी म्हटलं, मी विणते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "इन. पर देवाखाली काय बी चालनार नाय."

झालं, मी हट्टालाच पेटले.

*

सूत काढायला बसून वेळ कुठला? मेंढरांमागे चालता चालता चाती फिरवायची. एकदा धागा असा सुरेख निघाला की मी त्याच्याकडेच बघत राहिले, आणि कळप शेजारच्या वालात! शेतकरीण तणतणत आली. मी मेंढरं हाकत शिव्या खाल्ल्या. जाताना तिने माझा धागा दोन बोटांत ओढून पाहिला आणि म्हणाली, "आमच्या धन्याला बी एक इन गं."

*

सणगर जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून विणतो. मीही पडवीत तसाच खणला. पण घाटावरची जमीन वेगळी नि आमची वेगळी. आषाढात खड्ड्याला पाझर फुटला. सकाळी बघते तर गुडघाभर पाणी आणि त्यात बेडूक! आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, वाकून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, घोंगडी इनतेस का हीर खांदतेस? शेवटी ह्यांनी लाकडं ठोकून माग उंचावर बसवून दिला.

*

कर्जतच्या एक मास्तरीणबाई सैनिकांसाठी मफलर विणायच्या. विलायती लोकर मिळेना म्हणून माझं सूत घेऊन गेल्या. पहिला मफलर घातला आपल्या नवऱ्याला, मास्तरांना. मास्तर दिवसभर वर्गात मान खाजवत होते म्हणे! पुढे एकदा त्यांच्याकडे गेले, तर बाई त्याच मफलरने चुलीवरचं पातेलं उतरवत होत्या. म्हणाल्या, अजिबात चटका बसत नाही हो. मी मात्र ते चारचौघींत मिरवलं.

*

घोंगडी विणून झाली की चिंचोक्याची खळ लावून वाळवायची. माझी पहिली घोंगडी मी कुंपणावर पसरली आणि सवयीने मेंढरं मोकळी सोडली. खळीच्या वासाला ती थांबतात होय? दोन्ही कडा चघळून चोथा केला. मी ढसाढसा रडले. आत्या म्हणाल्या, "त्यांचीच लोकर, त्यांनी खाल्ली. दुसरी इन."

विणली.

*

लढाई संपली आणि त्याच दिवाळीनंतर सणगर घोंगडी घेऊन हजर! त्याची घोंगडी काळीभोर, कडा सरळसोट. माझ्या घोंगडीची एक कड जराशी आत आलेली. चंपाषष्ठीच्या सकाळी मामंजींनी दोन्ही ओसरीवर शेजारी शेजारी पसरल्या. सणगर तिथेच बसलेला. मी दाराआड उभी. मामंजी दोन्हींवरून तळहात फिरवत राहिले. मग त्यांनी सणगराची उचलली आणि आपल्या खांद्यावर टाकली.

"ही मला," ते सणगराला म्हणाले. आणि आत वळून आत्यांना हाक मारली, "सुनेची देवाला. खंडोबाचं टाक आन गं."