सत्तर टक्के वारा

धुळ्यात बसून चक्रीवादळावर काम करते असं सांगितलं की लोक हसतात. इथून समुद्र केवढा लांब, आणि बाई वादळाच्या गोष्टी करते! हसू द्या. अरबी समुद्रातलं वादळ गुजरातकडे वळलं की त्याचं शेपूट खानदेशावरून फिरतं आणि रावेर-सावद्याकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात. केळीचं खोड म्हणजे आत नुसतं पाणी. घड भरत आला की जरा जोराचा वारासुद्धा त्याला पुरतो.

हे शेपूट कुठे आणि केव्हा आपटेल हे सांगणारं मॉडेल दुसऱ्या शहरातल्या संशोधकांनी तयार केलं होतं. ते रोजच्या वापरात आणणं हे आमच्या हवामान कार्यालयाचं काम. शोधनिबंधात एकदा बरोबर आलेली गोष्ट रोज पहाटे, वेळेवर, वीज गेली तरी बरोबर यावी लागते, आणि तिथे आमच्या नाकी नऊ आले. दोन हंगाम ते जुन्या पद्धतीच्या शेजारी नुसतं चालवून बघितलं. बाहेर चकार शब्द काढायचा नाही असा नियम होता. निकाल चांगले आले, मंजुरी मिळाली, आणि शेवटी प्रश्न उरला तो शेतकऱ्यांना मोबाइलवर जाणाऱ्या संदेशाचा.

त्यावरून बैठकीत चांगलीच जुंपली. वरिष्ठांना नेहमीचं 'शक्यता आहे' हवं होतं. मी म्हटलं, मे महिन्यात रोज कशाची ना कशाची शक्यता असते, लोक ते वाचतसुद्धा नाहीत. मॉडेल आकडा देतं, तर आकडाच द्या. माझं ऐकलं गेलं. मग संदेश लांबतोय म्हणून कुणीतरी 'शक्यता' हा शब्दच काढून टाकला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा.

सावद्याजवळ माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, बाग आहे. दाजी गेल्यावर बाग बटाईने देऊन टाक, बाईमाणसाला हे झेपायचं नाही, असं सांगणारे घरचेच होते. अक्काने सगळ्यांना चहा पाजला आणि कुणाचंच ऐकलं नाही. आमचा संदेश ठरला त्या वर्षी पहिल्यांदाच परदेशात माल पाठवणारा एक व्यापारी तिची बाग बघून गेला होता. घड पुरेसे भरले की कंटेनरसाठी तो कापणार, आणि माल पसंत पडला तर पुढची बागही तोच घेणार. अक्का फोनवर दुसरं काही बोलतच नव्हती. मला तिचा अभिमान वाटायचा आणि थोडा कंटाळाही यायचा.

मेच्या शेवटी समुद्रात वादळ उठलं आणि आमचा पहिला खरा संदेश गेला: 'उद्या दुपारनंतर केळी पट्ट्यात सोसाट्याचा वारा, ७० टक्के. तयार माल काढून घ्यावा.' कार्यालयात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पडद्याला डोळे लावून बसलो. संध्याकाळपर्यंत वादळाने बगल दिली, ढग सातपुड्याच्या पलीकडे गेले. सावद्यात पानसुद्धा फाटलं नाही. आमच्यापैकी कुणी घाबरलं नाही, कारण सत्तर म्हणजे शंभर नव्हे. मला तर अक्काची बाग उभी राहिली याचा आनंदच झाला होता. तो सांगायला मी तिला फोन केला.

बाग उभी होती, पण रिकामी. आदल्या संध्याकाळीच अक्काने मजूर लावून घड उतरवले होते.

पुढच्या रविवारी मी भुसावळमार्गे सावद्याला गेले. केळीवाल्यांच्या बोलण्यात टक्के म्हणजे घडाचा भराव. माल सत्तर टक्क्यांवर आला, पंच्याहत्तरला कापू, असं तिथे येता-जाता बोलतात. मी त्याच भागात वाढले, आणि तरी बैठकीत मला ते आठवलं नाही. अक्काने संदेश असा वाचला होता: वारा येणार हे नक्की, आणि ज्यांचा माल सत्तर टक्के भरलाय त्यांनी तो काढावा. तिचा बरोबर सत्तरच होता. केळ्यांच्या कडा अजून गोल झाल्या नव्हत्या. व्यापाऱ्याच्या माणसाने एक फणी हातात घेतली, खाली ठेवली आणि निघून गेला. माल साध्या ट्रकने मिळेल त्या भावाला गेला. व्यापाऱ्याने नंतर फोन उचलला नाही.

आम्ही बांधावर बसलो. मी तिला समजावलं, की सत्तर मालाचे नव्हते, वाऱ्याचे होते. दहादा असं आभाळ आलं तर सातदा वारा येतो, तीनदा येत नाही, आणि आपल्या वाट्याला त्या तिनातली एक वेळ आली. मॉडेल चुकलेलं नाही, हेही मी बोलून गेले. बोलताना माझी मलाच लाज वाटत होती. अक्का शांतपणे ऐकत होती. तिला ते समजलं, अगदी नीट समजलं.

मग तिने विचारलं, "तुही बाग आसती, आन घड आसे कोवळे आसते, तं तू कापले आसते का?"

दोन हंगाम आम्ही ते मॉडेल तपासलं, पण हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं.

"नसते कापले," मी म्हणाले. "कोवळा माल मी राहू दिला असता."

"मंग," अक्का म्हणाली, "येवढंच लिहाचं होतं ना."