दोन्ही पंख डावे

राहात्याच्या कुसुमच्या शेजारणीचे, सरूबाईंचे, यजमान सकाळच्या एस.टी.नं नगरला आले आणि आमच्या छापखान्याच्या पायरीशीच उभे राहिले. "बाई, कुसुमताई गेल्या," म्हणाले. आणि मला, देवाशप्पथ सांगते, आनंद झाला. "गेली? अगबाई! निघाली म्हणायची एकदाची! कुठल्या गाडीनं?" तो भला माणूस खाली बघत राहिला. "तसं न्हाई बाई... पहाटं गेल्या. छातीत कफ भरला हुता." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दीड महिना झाला त्याला, पण त्या 'गेली'पाशी मी अजून अडखळते. कारण कितीतरी वर्षं मी तोच शब्द ऐकायची वाट बघत होते.

कुसुम माझी शाळेतली मैत्रीण. मी लग्न होऊन नगरला आले, ती राहात्यातच राहिली. आई लवकर गेली, भाऊ नोकरीला पुण्याला लागला तो तिकडचाच झाला, आणि वडिलांना, म्हणजे तात्यांना, अर्धांगाचा झटका आला. रिटायर्ड हेडमास्तर. उजवं अंग गेलं, आवाज मात्र शाबूत राहिला. "कुसुम!" अशी हाक आली की हातातलं टाकून तिनं धावायचं. हाक ऐकू येईल तेवढीच तिची हद्द. बाजार त्या हद्दीबाहेर, म्हणून भाजी शेजारच्या सरूबाई आणून द्यायच्या. आणि तात्यांना भरवायचं ते कुसुमनंच. दुसऱ्याच्या हातचं म्हणे घशाखाली उतरत नसे. मी एकदा हौसेनं शिरा करून नेला, तर तोंड मिटून भिंतीकडे बघत राहिले. माझ्या शिऱ्याला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत!

आमच्या ह्यांचा छापखाना म्हणजे लग्नपत्रिका आणि हँडबिलं. गेल्या वर्षी दुष्काळ, लग्नंच कमी, तेव्हा ह्यांच्या डोक्यात आलं की मुलांसाठी सापशिडीसारखा खेळ छापावा, पण शिड्यांच्या जागी पंखवाले प्राणी. घोड्याच्या घरात आलात की घोडा तुम्हाला वर उडवून नेणार, बैल त्याहून वर. एका पेंटरकडून चित्रं काढून घेतली, तर पंख कसले, मांडवातल्या पताका! मी म्हटलं, कुसुमला दाखवा. शाळेत चित्रकलेत तिचा हात धरेल असं कुणी नव्हतं.

चित्रं खिडकीशी धरून ती खुदकन हसली. "इंदे, हे पंख दुकानातून आणून चिकटवलेत गं. बैलाला बिचाऱ्याला ठाऊकच नाही, आपल्याला पंख आहेत ते!" मग तिनं खिलारी बैलाच्या वशिंडावरची काळसर झाक खांद्यावरून पंखांत उतरवली. टोकाकडची पिसं गडद केली, कडा थोड्या झिजवल्या. वापरातला पंख कोरा करकरीत कसा असेल, म्हणाली. घोड्यासाठी मात्र ती अडून बसली. खिडकीबाहेरच्या तारेवर एक चास, आपला नीळकंठ पक्षी, येऊन बसायचा. "बसला की मातकट, कुणी ढुंकून बघणार नाही. उडाला की आतला निळा दिसतो. तसला पंख हवा मला." पण तो उडायच्या बेतात असायचा आणि आतून हाक यायची. परत येऊन बघते तो तार रिकामी. तो निळा नीट बघायला तिला कित्येक दिवस लागले... अखेर घोडा झाला. वरून वाळल्या बाजरीचा रंग, आत निळाईचा पट्टा. डावा-उजवाही अगदी एकसारखे नाहीत. "भाऊ आहेत ते, जुळे नव्हेत," म्हणाली.

हे बेहद्द खूश. कॅलेंडरं, लेबलं, सगळी चित्रं कुसुमनंच काढायची, राहायला आमच्या मागची खोली, असं ठरूनही गेलं. सरूबाई म्हणाल्या, "तुमी जा ताई. मास्तरांला मी बघते. माज्या हातची भाकर काय कडू लागंल व्हय?" तात्यांना विचारलं, तर म्हणाले, "जा की. मी कोण अडवणारा?" त्या दुपारी सरूबाईंनी दुधात भाकरी कुस्करून आणली. तात्यांनी तोंड उघडलं नाही. संध्याकाळीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. रागावले नाहीत, बोलले नाहीत, नुसतं तोंड मिटून पडून राहिले. कुसुमनं ट्रंकेतली पातळं काढून पुन्हा दांडीवर टाकली, हात धुतले आणि भात कालवला. तात्या जेवले.

मला कळलं तेव्हा मी तशीच उठून राहात्याला गेले आणि तिच्यावर तोंडसुख घेतलं. "दोन दिवस उपाशी राहून कुणी मरत नाही गं!" ती शांतपणे म्हणाली, "आणि मेले असते तर? ते माझ्यामुळे नाही, असं मला जन्मभर कोण सांगत बसलं असतं, तू?"

खेळ छापून आला. आम्ही दोघं तो घेऊन तिच्याकडे गेलो. बघता बघता तिचा चेहरा उतरला. ह्यांनी काटकसर म्हणून घोड्याच्या एकाच पंखाचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, करून घेतला होता आणि तोच दोन्हीकडे छापला होता. दोन्ही पंख डावे! "पोरांना काय कळतंय?" हे म्हणाले. कधी आवाज न चढवणारी कुसुम ताडकन म्हणाली, "मला कळतंय ना, भावजी! एका अंगाच्या पंखांनी कोण उडतं? जागच्या जागी गरगरत राहील तो." आणि तिला एकदम रडू फुटलं. "बदला हो... निदान तो तरी सुटू दे."

ह्यांनी मुकाट नवा ब्लॉक करून घेतला. नवा कागद मी नेऊन दाखवला. तिनं तो बराच वेळ निरखला आणि "आता जाईल," एवढंच म्हणाली. ती आमची शेवटची भेट. इतकी चिडले होते मी तिच्यावर, आणि इतकी माया होती माझी तिच्यावर... आता दोन्ही कुठं ठेवू?

तेरावा झाल्यावर मी राहात्याला गेले. भाऊ दिवस उरकून पुण्याला परतला होता. म्हातारा आता अन्नावाचून जातो की काय, ही धाकधूक मनात, म्हणून डब्यात मऊ भात घेतला होता. आत पाऊल टाकलं. खिडकीशी कुसुमचा पाट तसाच, रंगाच्या वाट्या वाळलेल्या. आणि कॉटशी बसून सरूबाई तात्यांना भाकरी भरवत होत्या.

"मास्तर काय बी तरास देत न्हाईत," सरूबाई म्हणाल्या. "पयल्या दिसापास्नं खात्यात."

मी डबा धरून दारातच उभी. तात्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंडातला घास सावकाश गिळला आणि म्हणाले, "ये इंदू. कुसुमचं असं झालं बघ."

आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.